गुडघा नेमका कुठे दुखतो, आणि केव्हा?

सोमवारच्या पेशंटमध्ये सिंहगडावरून आलेला एकजण तरी असतोच. चढताना काही झालेलं नसतं. वर पोचल्यावर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, गार वारा, सगळं मनासारखं. उतरायला लागून निम्मी वाट संपली की वाटीमागे काहीतरी बोचायला लागतं. घरी येईपर्यंत ठणका सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो.

पावसाळ्याच्या तोंडावर आलेले एक गृहस्थ असेच. वय ४३, आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसून काम आणि रविवारी गड. हातात एमआरआयची मोठी फाईल. खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं, "मॅडम, गादी किती शिल्लक आहे?" रिपोर्ट वाचून कुणीतरी त्यांना 'झीज सुरू झालीय' असं सांगितलं होतं आणि त्या एका शब्दाने त्यांची झोप उडाली होती. गड बंद, जिना बंद, जमिनीवर बसणं बंद.

मी फाईल बाजूला ठेवली आणि म्हटलं, "एका बोटाने दाखवा, कुठे दुखतं." त्यांना एक बोट ठेवता येईना. सगळा तळहात वाटीवर ठेवून ते तो गोल फिरवत राहिले. "इथेच कुठेतरी. आतून." मग दुसरा प्रश्न, केव्हा दुखतं? गड उतरताना, जिना उतरताना, आणि सिनेमाला दोन-तीन तास गुडघे मुडपून बसल्यावर उठताना.

वाटीमागचं दुखणं, हे निदान जवळजवळ इथेच झालं होतं. चालत्या-पळत्या माणसाचा गुडघा दुखतो तेव्हा कुठे आणि केव्हा या दोन उत्तरांत जेवढं कळतं, तेवढं पुष्कळदा फोटोत कळत नाही. त्यामुळे हा लेखही मी त्याच क्रमाने लिहितेय.

आधी गुडघा समजून घेऊ. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं, आणि समोर वाटी. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत, पांढऱ्या कूर्चेचा थर. दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या, त्यांना डॉक्टर मेनिस्कस म्हणतात. 'गादी झिजली' असं म्हणताना आपण कूर्चा आणि मेनिस्कस या दोन्हींना एकच शब्द वापरतो आणि तिथूनच गोंधळाला सुरुवात होते. याशिवाय हाडांना हाडांशी बांधून ठेवणारी चार मुख्य लिगामेंट्स आणि स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या जाड दोऱ्या, म्हणजे कंडरा.

वाटीचं काम विहिरीवरच्या कप्पीसारखं आहे. मांडीच्या पुढच्या स्नायूची ओढ वाटीवरून वळून नडगीपर्यंत जाते आणि वाटीमुळे तीच ओढ कमी ताकदीत जास्त काम करते. पण कप्पीवर दोराचा दाब पडतो, तसा वाटीवरही पडतो. गुडघा जितका जास्त वाकलेला, तितका वाटी मागच्या हाडावर जास्त दाबली जाते. १९७२ सालापासून या दाबाची मापं उपलब्ध आहेत. सपाटीवर चालताना तो अंदाजे शरीराच्या वजनाच्या निम्मा असतो, जिन्यावर तिपटीहून थोडा जास्त, आणि उकिडवं बसून उठताना सात-आठ पट. आकडे ऐकून घाबरू नका. निरोगी गुडघा हे आयुष्यभर सहज पेलतो. आपल्याकडच्या बायका पिढ्यानपिढ्या उकिडव्या बसून भाताची लावणी आणि निंदणी-खुरपणी करत आल्या आहेत. सवय असेल तर सात पट दाबही चालतो. सवय नसताना तो अचानक आला की दुखतं.

आता उताराकडे येऊ, कारण सह्याद्रीत गुडघे दुखतात ते बहुतेक उतारावरच. चढताना मांडीचा स्नायू आखडत जाऊन तुम्हाला वर ढकलतो. उतरताना त्याच स्नायूला ताणलं जात असताना जोर लावावा लागतो. भरलेली घागर विहिरीतून ओढून काढणं वेगळं आणि दोर हातातून जपून सोडत ती हळू खाली उतरवणं वेगळं. घाट उतरणाऱ्या ट्रकचा ब्रेक जे करतो ते उतारावर मांडीचा स्नायू करतो. आणि ब्रेक तापतो, तसा हा स्नायूही थकतो. सिंहगडाची आतकरवाडीकडची वाट उतरताना तुम्ही साधारण ६०० मीटर खाली येता, म्हणजे काही हजार वेळा ब्रेक दाबता. चढून आधीच थकलेली मांडी पहिला अर्धा तास नीट काम करते. त्यानंतर पाऊल टेकण्याऐवजी आपटायला लागतं आणि स्नायूने सोडलेला भार वाटीवर येतो. म्हणूनच दुखणं निम्म्या वाटेनंतर सुरू होतं आणि म्हणूनच चढताना काही कळत नाही. दम लागतो चढावर आणि किंमत मोजावी लागते उतारावर.

त्या गृहस्थांना मी दोन लाकडी पाट एकावर एक ठेवून त्यावर उभं केलं. एका पायावर उभं राहायचं आणि दुसऱ्या पायाची टाच हळूहळू समोर जमिनीला नुसती टेकवून परत वर यायचं. चांगल्या पायावर जमलं. दुखऱ्या पायावर उभं राहून दुसरी टाच खाली न्यायला लागले, तशी त्या बाजूची कंबर खाली कलली आणि दुखरा गुडघा आत, अंगठ्याच्याही पलीकडे झुकला. त्यांना मी आरशात दाखवलं. ते म्हणाले, "हे तर कमरेतूनच होतंय."

बरोबर होतं त्यांचं. गुडघा वरच्या खुब्याच्या आणि खालच्या पावलाच्या मध्ये अडकलेला सांधा आहे. वाकायचं आणि सरळ व्हायचं, एवढंच त्याला मोकळेपणी जमतं. खुब्याच्या बाजूचे स्नायू दमले की मांडी आत वळते. घोटा आखडलेला असला की पाऊल आत लवंडतं. दोन्हीकडून आलेली पीळ गुडघ्यात साचते आणि वाटी तिच्या खाचेतून सरळ सरकण्याऐवजी एका बाजूला दाबत सरकते. आपण मात्र गुडघ्यालाच तेल लावतो, गुडघ्यालाच पट्टा बांधतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

तरी सगळा दोष खुब्यालाही देऊ नका. कमकुवत खुबा घेऊन वर्षानुवर्षं मजेत पळणारे लोक मी पाहिलेत. दुखण्याचं सर्वांत मोठं कारण माझ्या मते हिशेबाचं आहे. भार किती आणि किती दिवसांत वाढला, तो हिशेब. या गृहस्थांनी दीड महिन्यात चार गड केले होते, त्यातला एक राजगड ते तोरणा. आधीचे सहा महिने खुर्चीत. एखाद्याच्या बाबतीत तो नवा जिम असतो, एखाद्याच्या बाबतीत मॅरेथॉनला दोनच महिने उरलेत म्हणून दुप्पट केलेलं अंतर. दम काही आठवड्यांत वाढतो. कंडरा, कूर्चा आणि हाड यांना नव्या भाराला तयार व्हायला महिने लागतात. छाती म्हणते चल आणखी पाच किलोमीटर, आणि गुडघा अजून मागच्या महिन्याच्या अंतरावरच असतो. पळणाऱ्यांमध्ये हे इतकं नेहमीचं आहे की मी पहिल्याच भेटीत त्यांच्या घड्याळातली मागच्या दोन महिन्यांची नोंद बघते. कारण सापडतं ते तिथे.

आता त्या फाईलकडे वळते, कारण 'झीज' या शब्दाने होणारं नुकसान मी रोज पाहते.

कूर्चेला मज्जातंतू नसतात. ती स्वतः दुखूच शकत नाही. वेदना येते ती तिच्याखालच्या हाडातून, सांध्याच्या आतल्या अस्तरातून, वाटीखालच्या चरबीच्या उशीतून, कंडरांमधून. त्यामुळे फोटोत कूर्चा पातळ दिसली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं, असं होत नाही. २००८ साली अमेरिकेतल्या फ्रामिंगहॅम गावातल्या पन्नाशीपुढच्या जवळजवळ हजार लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय प्रसिद्ध झाले. गुडघा दुखतो म्हणून निवडलेले हे लोक नव्हते, सरसकट घेतलेले होते. मेनिस्कस फाटलेला सापडलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना मागच्या महिनाभरात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. वयाबरोबर केस पांढरे होतात, चेहऱ्यावर सुरकुत्या येतात, तसंच आतही होतं. सुरकुती दुखते म्हणून कुणी डॉक्टरकडे जात नाही.

२०१३ मध्ये फिनलंडच्या डॉक्टरांनी आणखी पुढे जाऊन पाहिलं. वयोमानाने फाटलेल्या मेनिस्कसच्या रुग्णांपैकी निम्म्यांचा फाटलेला भाग दुर्बिणीतून कापून काढला. उरलेल्यांना तशीच भूल दिली, तशीच दुर्बीण आत घातली, पण कापलं काहीच नाही. वर्षभराने दोन्ही गटांच्या दुखण्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. खेळताना अचानक फाटलेल्या, सांधा अडकवणाऱ्या मेनिस्कसची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे सांगते. पण पंचेचाळिशीत केवळ रिपोर्टात फाटलेलं दिसलं म्हणून ऑपरेशनला घाई करणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते.

आणि पळण्याने गुडघे झिजतात हा समज? २०१७ मध्ये पूर्वीच्या बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. हौसेने पळणाऱ्यांमध्ये खुब्याचा किंवा गुडघ्याचा झिजेचा संधिवात ३.५ टक्के लोकांना होता आणि बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के. स्पर्धेसाठी व्यावसायिक पातळीवर पळणाऱ्यांत मात्र १३.३ टक्के. एवढ्यावरून पळणं हेच औषध असं म्हणता येणार नाही, कारण ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच पळत राहतात असंही असू शकतं. पण हौशी पळणाऱ्याला "गुडघे जातील" म्हणून घरी बसवायला त्या आकड्यांत काहीच आधार नाही. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं आणि तो द्रव आत-बाहेर होतो तो दाबला-सोडला गेल्यामुळे. लोक ज्याला 'वंगण' म्हणतात ते हेच, आणि ते चांगलं राहायला हालचाल लागते. उठता-बसताना येणाऱ्या कट्कट् आवाजाचंही तसंच. दुखत नसेल, सूज नसेल, तर नुसत्या आवाजाला कुठलेही उपचार लागत नाहीत.

पुढच्या बाजूला दुखण्याचं दुसरं एक ठिकाण आहे आणि ते वाटीमागच्या दुखण्याहून पार वेगळं वागतं. इथे पेशंट न चुकता एक बोट ठेवतो, वाटीच्या बरोबर खालच्या टोकावर. खेळायला सुरुवात केली की दुखतं, अंग गरम झालं की थांबतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्याज लावून परत येतं. ही वाटीखालच्या कंडरेची कुरकुर. उड्या मारणाऱ्यांचा आजार. नॉर्वेत २००५ साली वरच्या दर्जाच्या खेळाडूंची तपासणी झाली तेव्हा व्हॉलीबॉलपटूंपैकी जवळपास ४५ टक्के आणि बास्केटबॉलपटूंपैकी ३२ टक्के जणांना हे सापडलं. यात सगळ्यांकडून एक चूक होते. महिनाभर पूर्ण विश्रांती घेतात, दुखणं थांबतं, मैदानावर परततात आणि आठवड्यात मूळ पदावर. कंडरेला भार दिला तरच ती मजबूत होते. विश्रांतीने ती शांत होते पण आणखी दुबळीही होते. म्हणून उड्या थोड्या दिवस कमी करायच्या आणि त्याच वेळी जड वजनाचे, संथ गतीचे व्यायाम चालू ठेवायचे. भिंतीला पाठ टेकून, खुर्चीत बसल्यासारखं ४५ सेकंद स्थिर राहणं ही त्यातली पहिली पायरी.

हेच दुखणं आणखी दोन बोटं खाली, नडगीवरच्या उंचवट्यावर असेल आणि मुलगा किंवा मुलगी दहा ते पंधरा वर्षांची असेल, तर घाबरलेल्या आई-बाबांना मी आधी पाणी देते. तिथे टणक गाठ हाताला लागते, दाबली की मूल ओरडतं, आणि गाठ म्हटल्यावर घरात भलभलत्या शंका सुरू झालेल्या असतात. वाढीच्या वयात हाडं भराभर लांब होतात आणि कंडरा जिथे हाडाला चिकटते ती जागा अजून कच्ची असते. रोज क्रिकेटची किंवा फुटबॉलची कोचिंग असलेल्या मुलांमध्ये ती जागा ओढली जाऊन सुजते. १९०३ मध्ये ऑसगुड आणि श्लॅटर या दोन डॉक्टरांनी एकमेकांना न सांगता हे नोंदवलं, म्हणून त्यांचं नाव त्याला आहे. वाढ थांबली की दुखणं थांबतं, उंचवटा कधी कधी राहतो. खेळ पूर्ण बंद करू नका, आठवड्यातले एक-दोन दिवस कमी करा.

पण मूल लंगडत असेल, गुडघा दाबून बघितला तर कुठेच दुखत नसेल आणि तरी ते गुडघाच दुखतो म्हणत असेल, तर त्याचा खुबा तपासून घ्या. खुब्यातलं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं, कारण दोघांकडे जाणाऱ्या नसा सामाईक आहेत. वाढत्या वयात खुब्याच्या हाडाचं डोकं सरकण्याचा एक आजार असतो, त्यात उशीर परवडत नाही.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, सांध्याच्या थोडं वर, सुरी टोचल्यासारखं दुखणं हे पळणाऱ्यांचं. त्याची वेळ आश्चर्य वाटावं इतकी ठरलेली असते. एक पेशंट मला सांगायची, "सातव्या किलोमीटरला सुरू होतं, सहाव्याला कधीच नाही." खुब्यापासून नडगीपर्यंत मांडीच्या बाहेरून एक जाड, रुंद पट्टी जाते. गुडघा साधारण ३० अंशांत वाकला की ती हाडाच्या उंचवट्यावर दाबली जाते आणि तिच्याखालची चरबी चेपली जाते. पूर्वी ही पट्टी हाडावर घासते असं शिकवायचे, आता ती घासण्यापेक्षा दाबते असं मानतात. संथ गतीने उतारावर पळताना गुडघा नेमका त्याच कोनात जास्त वेळ राहतो. साताऱ्याची हिल मॅरेथॉन पळणारे यवतेश्वरचा घाट चढून तोच घाट परत उतरतात, तेव्हा उतरतानाच्या किलोमीटरमध्ये बाहेरची बाजू धरणारे बरेच दिसतात. ही पट्टी रोलरवर जोराजोराने रगडून लांब होत नाही, ती फार चिवट असते. अंतर कमी करणं, उतार काही आठवडे टाळणं, खुब्याचे बाजूचे स्नायू बळकट करणं आणि पावलं छोटी, भराभर टाकणं यांचा उपयोग होतो. मिनिटाला पडणारी पावलं पाच-दहा टक्क्यांनी वाढवली तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावर येणारा भार मोजण्याइतका घटतो, आणि हे वाटीमागच्या दुखण्यालाही लागू पडतं.

आतल्या बाजूला सांध्याच्या तीन-चार बोटं खाली दुखत असेल तर तिथे तीन कंडरा मिळून हंसाच्या पंज्यासारखा आकार करतात आणि त्यांच्याखालची पाण्याची पिशवी सुजलेली असू शकते. गुडघ्याच्या लवणीत जडपणा आणि गोळा जाणवत असेल तर सांध्यातला वाढलेला द्रव तिथे साठलेला असतो, मूळ कारण आत शोधावं लागतं.

इथपर्यंतचं सगळं हळूहळू येणारं दुखणं. एका क्षणात आलेलं दुखणं ही वेगळी जात आहे, आणि त्याबद्दल मी जरा कळकळीने लिहितेय, कारण त्यातून मी गेलेय.

मी सोळा वर्षांची असताना खो-खो खेळायचे. खांबाजवळ वळताना पाय रोवला, अंग वळलं, पाऊल तिथेच राहिलं. आतून 'टक्' असा आवाज आला. कुणी मला धक्का दिला नव्हता. दोन तासांत गुडघा नारळाएवढा झाला. मला सांगितलं गेलं की मुरगळलाय, तेल चोळून घे. पंधरा दिवस चोळून घेतलं, सूज उतरली, सरळ चालता यायला लागलं, आणि महिन्याने मी परत मैदानात उतरले. तिसऱ्याच दिवशी गुडघा एकदम निसटला. पहिल्या वेळी फाटलं होतं ते सांध्याच्या आतलं पुढचं लिगामेंट. ते नसताना खेळल्यामुळे दुसऱ्या वेळी मेनिस्कसही गेला. तो महिना मला परत मिळाला असता तर मेनिस्कस वाचला असता.

कबड्डीत हे फार दिसतं. चढाई करून रेषेकडे परत फिरायला पाय रोवलेला असतो, तेवढ्यात घोट्याला पकड बसते, वरचं शरीर वळतं आणि बूट मॅटला धरून राहतो. मुलींमध्ये या लिगामेंटची इजा मुलांपेक्षा बरीच जास्त होते, त्यामुळे मुलींच्या संघांना उडीवरून गुडघे वाकवून, गुडघे आत न झुकवता उतरायला शिकवणं हे कोचचं पहिल्या आठवड्यातलं काम असायला हवं. आवाज येणं, दोन-चार तासांत भरभरून सूज येणं आणि नंतर पाय आपला नसल्यासारखा निसटणं, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर ते लिगामेंट समजून चालावं आणि अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावं. सूज दुसऱ्या दिवशी आली, सांध्याच्या फटीवर बोट ठेवलं की कळ येते, मांडी घालून बसता येत नाही आणि मध्येच गुडघा अडकून सरळच होत नाही, तर संशय मेनिस्कसवर. अडकलेला गुडघा झटका देऊन सोडवायचा प्रयत्न करू नका.

मार लागल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील किंवा गुडघा काटकोनात वाकत नसेल तर त्याच दिवशी एक्स-रे काढा. गुडघा गरम, लाल, सुजलेला आणि सोबत ताप असेल तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो, तेव्हा सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. रात्री स्वस्थ पडलेलं असताना दुखून जाग येते, वजन उतरतंय, किंवा एका पायाची पोटरी सुजून दुखतेय, यातलं काहीही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

उरलेल्या, हळू येणाऱ्या दुखण्यात आपल्या हातात बरंच असतं. पूर्ण बंद करण्यापेक्षा कमी करणं चांगलं. मी पेशंटना एक माप देते. व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा कालच्यासारखाच असला पाहिजे. जास्त धरला असेल तर काल जास्त झालं, आज थोडं कमी. व्यायामही साधे आहेत. कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, सेतुबंधासन आणि मग एका पायावरचं सेतुबंधासन, टाचा उचलणं, आणि पाटावरून संथपणे उतरणं. आठवड्यातून तीनदा, दहा-बारा आठवडे. तीन आठवड्यांत बरं वाटायला लागतं आणि बहुतेक जण तिथेच सोडून देतात. मग पुढच्या पावसाळ्यात परत भेटतात.

उतारावर दोन काठ्या वापरा. गुडघ्यावरचा भार त्यांनी २५ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो हे मोजून पाहिलेलं आहे. अजूनही काठी घेतली की म्हातारपण आलं असं पोरांना वाटतं, म्हणून मी स्वतः घेऊन जाते आणि वाटेत देऊ करते. वजन जास्त असेल तर ते उतरवण्याचा फायदा गुडघ्याला चौपट मिळतो. गुडघ्याचा संधिवात असलेल्या स्थूल लोकांमध्ये एक किलो वजन उतरल्यावर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी झालेला दिसला आहे. वारीला जाणाऱ्यांनाही हिशेब तोच. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटर आहे, आणि ज्येष्ठ महिन्यात पहिल्यांदा चालायला लागलेल्या माणसापेक्षा माघापासून रोज चालणाऱ्याचे गुडघे पंढरपूरजवळच्या वाखरीपर्यंत कमी कुरकुरतात. नी कॅपने आधार वाटत असेल तर घाला, पण व्यायामाऐवजी नको. तेल लावून शेकण्यात हळू येणाऱ्या दुखण्याला बरं वाटतं, त्यात काही गैर नाही. ताज्या, सुजलेल्या गुडघ्याला मात्र चोळू नका.

त्या गृहस्थांनी दहा आठवडे पाट सोडला नाही. आधी एक पाट, मग दोन, मग जिन्याची पायरी, मग पाठीवर पाच किलोची सॅक. नवव्या आठवड्यात ते पर्वती चढून उतरले आणि संध्याकाळी मेसेज केला की उजवा गुडघा दहापैकी दोन. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक मेसेज आला, शून्य. अकराव्या आठवड्यात सिंहगडाची तीच वाट ते दोन काठ्या घेऊन उतरले, एरवीपेक्षा वीस मिनिटं जास्त लावून. एमआरआयची फाईल अजून माझ्याकडेच आहे, न्यायला या म्हटलं तर विसरतात.